ठोक्याला कारण विचारताना

उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. नाडी लगेच सापडली नाही तर बोटं जरा सरकवून बघा. जोर लावू नका. सापडली की मोजू मात्र नका. हाताला ठोका लागला की आपली नजर घड्याळाकडे वळतेच. आज घड्याळ पालथं घाला आणि ठोका नुसता पडू द्या.

आता स्वतःला एकच विचारा. हा ठोका आत्ता असाच का पडतोय?

नुकताच जिना चढला असाल तर त्यात जिन्याचा वाटा आहे. चहाचा आहे. खोलीतल्या उकाड्याचा आहे. सकाळपासून पाणी कमी पोटात गेलं असेल तर त्याचाही आहे. उद्याची काही काळजी लागली असेल तर तीही त्यातच आहे. आडवे न होता बसलेले आहात, हेसुद्धा एक कारण. हृदय ही सगळी कारणं एकदम ऐकतं आणि सगळ्यांना मिळून एकच उत्तर देतं. वाटलेल्या मसाल्यातून लवंग परत वेगळी काढता येत नाही, तसंच हे आहे. तरीही आज आपल्याला ती काढून बघायची आहे. फक्त आपल्या नाडीतून नव्हे, ज्या प्राण्यांना माणसाने पृथ्वीबाहेर पाठवलं त्यांच्या नाडीतून. शास्त्रज्ञ गेली साठहून अधिक वर्षं हेच करत आले आहेत, तेव्हा आपणही घाई करायला नको.

पहिली नाडी लायकाची.

मॉस्कोच्या रस्त्यावरून उचललेली भटकी कुत्री. वय अंदाजे तीन वर्षं, वजन पाच-सहा किलो. रक्तदाब मोजता यावा म्हणून तिच्या मानेतली मोठी धमनी शस्त्रक्रिया करून त्वचेच्या घडीत वर आणलेली होती. हृदयाचा आलेख मिळावा म्हणून अंगावर इलेक्ट्रोड होते. उड्डाणाच्या तीन दिवस आधीच तिला कुपीत बसवलं होतं. 3 नोव्हेंबर 1957 रोजी स्पुटनिक-2 सुटलं. सुटण्याआधी तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे 103 होते. रॉकेट वर चढत असताना ते 240 वर गेले.

इथे थांबा. 240 हा आकडा वाचून पुढे जाणं फार सोपं आहे. मिनिटाला 240 म्हणजे सेकंदाला चार. एका बोटाने मांडीवर सेकंदाला चार टिचक्या मारून बघा. थोड्याच वेळात बोट अवघडतं. एवढ्या वेगाने तिचं हृदय तिच्या बरगड्यांच्या आत चाललं होतं, आणि जमिनीवर बसलेल्या माणसांना त्याची रेघ दिसत होती.

मग इंजिनं बंद झाली, वजन नाहीसं झालं आणि ठोके हळूहळू उतरू लागले. जमिनीवर सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून तिला अशाच दाबाची सवय करून दिली होती. तिथे दाब गेल्यावर नाडी काही वेळात ठिकाणावर येत असे. कक्षेत गेल्यावर तेवढंच उतरायला तिला तिप्पट वेळ लागला.

कक्षेतल्या हृदयाविषयी माणसाला कळलेली ही पहिली गोष्ट. या तिप्पट वेळापाशी जरा बसू या. त्यात काय काय असेल? वजन गेल्यावर तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाकडून मेंदूला मिळणारे इशारे बिघडतात, आणि हृदयाचा वेग सावरणाऱ्या यंत्रणेवर त्याचा परिणाम होऊ शकतो. हे एक कारण. आवाज आणि हादरे नुकतेच थांबलेले, हे दुसरं. कुपीतली उष्णता वाढत होती, हे तिसरं. आणि ज्या जिवाला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं, त्याची भीती. ही सगळी कारणं त्या एका रेघेत आहेत. रेघ मात्र कुठल्याच कारणाचं नाव सांगत नाही.

मनाची एक खोड इथे पकडता येते. हळव्या माणसाचं मन लगेच म्हणतं, बिचारी घाबरली होती. अभ्यासू माणसाचं मन म्हणतं, हा वजनरहित अवस्थेचा परिणाम. मला ही दोन्ही वाक्यं पळवाटा वाटतात. पहिल्याने आपण मोजमापातून सुटतो, दुसऱ्याने कुत्रीतून. दोन्ही वाक्यं आलीच तर येऊ द्या, पण त्यांपैकी एकावरही टेकू नका.

पुढचं थोडक्यात सांगतो. उष्णता आटोक्यात राहिली नाही आणि पाच ते सात तासांत तिच्या जिवंतपणाच्या खुणा येईनाशा झाल्या. जगाला मात्र ती कित्येक दिवस जगल्याचं सांगण्यात आलं. खरी हकीकत दिमित्री मालाशेंकोव्ह यांनी ऑक्टोबर 2002 मध्ये ह्यूस्टनच्या परिषदेत मांडली, म्हणजे 45 वर्षांनी. या कामातले एक प्रमुख शास्त्रज्ञ ओलेग गाझेंको यांनी 1998 मध्ये खेद व्यक्त केला होता. त्या मोहिमेतून जे कळलं, ते त्या कुत्रीच्या मरणाचं समर्थन करण्याइतकं नव्हतं, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ. हे कोणा बाहेरच्या टीकाकाराचं मत नाही. तिची तयारी करून घेणाऱ्यांतला माणूस हे म्हणतोय.

आता जागा बदलू या. जमिनीवर सतरंजी टाका आणि उताणे पडा. जमत असेल तर पाय भिंतीला टेकवून वर करा. दोन-तीन मिनिटं तसेच राहा.

चेहरा किंचित जड झाला असेल. उभं असताना पायांत साठून राहणारं रक्त, साधारण अर्ध्या लिटरहून जास्त, आता छातीकडे सरकलं आहे. हृदय जास्त भरतं आहे. आणि शरीर त्याचा सरळ अर्थ लावतं, की रक्त जास्त झालं. मग ते मूत्रावाटे पाणी बाहेर टाकायला लागतं. कक्षेत गेलेल्या माणसाचं रक्तही असंच वर सरकतं, फक्त तिथे पाय खाली सोडून उठायची सोय नसते. चेहरा सुजतो, पाय काटकुळे होतात आणि काही दिवसांत अंगातलं रक्त कमी होऊन शरीर नव्या हिशेबावर स्थिरावतं. त्यात आजार असा काही नाही. वर असताना हा हिशेब बरोबरच असतो. उतरल्यावर तो अंगावर येतो.

हे ध्यानात ठेवून दुसरी नाडी घेऊ या, बॉनी या माकडाची.

बायोसॅटेलाइट-3 हे अमेरिकन यान 28 जून 1969 रोजी केप केनेडीहून सुटलं. अपोलो-11 निघायला तीन आठवडेही उरले नव्हते, त्यामुळे या माकडाकडे कोण बघणार? बॉनी मॅकाक जातीचा नर होता. त्याच्या मेंदूत आणि रक्तवाहिन्यांत संवेदक बसवलेले होते आणि त्याला आसनाला बांधून ठेवलं होतं. मोहीम 30 दिवसांची ठरली होती. तो मलूल होत गेला, खाणंपिणं सुटत गेलं, आणि नवव्या दिवशी यान खाली आणावं लागलं. हवाईजवळ त्याला बाहेर काढलं; त्यानंतर सुमारे आठ तासांत त्याचं हृदय थांबलं. शरीरातलं पाणी फार कमी झालेलं होतं.

आत्ता पाय वर करून पडलेल्या तुमच्या शरीराला विचारलं तर उत्तर सोपं वाटेल. रक्त छातीत चढलं, शरीराने पाणी टाकलं, हृदय कोरडं पडलं. प्रयोग करणाऱ्यांचाही कल वजनरहित अवस्थेकडे बोट दाखवण्याचा होता. पण बांधून ठेवलेलं, अंगात नळ्या आणि तारा खुपसलेलं, पाणी न पिणारं माकड जमिनीवरसुद्धा किती दिवस धड राहिलं असतं, हा टीकाकारांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. अवकाशाने मारलं की आसनाने? त्या हृदयाला हा फरक ठाऊक नव्हता.

त्याच्या दहा वर्षं आधी, 28 मे 1959 रोजी, एबल नावाचं ऱ्हीसस माकड ज्युपिटर क्षेपणास्त्राच्या नाकाशी बसून वर गेलं आणि जिवंत परतलं. चार दिवसांनी अंगातला एक इलेक्ट्रोड काढण्यासाठी त्याला भूल दिली, आणि त्या भुलीतच त्याचं हृदय बंद पडलं. उड्डाण पचलं होतं. त्याच यानात बेकर नावाचं एक चिमुकलं स्क्विरल मंकी होतं, ते मात्र 1984 पर्यंत जगलं. (ऱ्हीसस म्हणजे आपल्या उत्तर भारतातलं लाल तोंडाचं माकड. परदेशी प्रयोगशाळांसाठी हजारोंनी ती इथून निर्यात होत होती. 1978 मध्ये भारताने ती निर्यात बंद केली. अवकाशाच्या इतिहासात हे सहसा कोणी सांगत नाही.)

पाय खाली घ्या. उठून बसा, पण सावकाश. उठताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली तर लक्षात घ्या की तीही याच गोष्टीतली आहे. रक्त पायांकडे उतरलं आणि ते मेंदूपर्यंत पोचवायला हृदयाला एक-दोन ठोके उशीर झाला.

यापुढे आकडे उंदरांचे आहेत. तिथे मन चटकन निर्विकार होतं. लायकाला नाव होतं, बॉनीला होतं, उंदरांना क्रमांक असतात. मन असं निर्विकार होताना त्याच्याकडे बघा, एवढंच.

सोव्हिएत रशियाच्या बिऑन मालिकेतली यानं 1973 पासून उंदीर घेऊन जात होती. त्यातलं कॉसमॉस-1887 हे 1987 च्या सप्टेंबरात गेलं आणि साडेबारा दिवसांनी परतलं, पण ठरल्या जागी उतरलं नाही. सुमारे तीन हजार किलोमीटर भरकटून ते सैबेरियात मिर्नी गावाजवळ पडलं. तिथे गारठा होता. उंदरांपर्यंत पोचून त्यांचं विच्छेदन करेपर्यंत जवळजवळ दोन दिवस गेले. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या हृदयाच्या पेशींत बदल दिसले; पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया बिघडलेल्या होत्या. आता सांगा, हा बिघाड कशाचा? साडेबारा दिवसांच्या वजनरहित अवस्थेचा? की आदळण्याचा, थंडीचा, दोन दिवसांच्या उशिराचा, की वजन एकदम परत आल्याचा?

या प्रश्नाने पुढच्या प्रयोगांना आकार दिला. या विषयात मला सगळ्यात जास्त काही दिसतं ते इथेच. 1989 मध्ये कॉसमॉस-2044 गेलं तेव्हा जमिनीवर जोडीला उंदरांचे वेगवेगळे गट ठेवले होते. एका गटाला तसाच पिंजरा, तेच खाणं, तसंच तापमान आणि उड्डाणात झाले तसे हादरे दिले. दुसरा गट साध्या पिंजऱ्यात होता. तिसऱ्या गटातल्या उंदरांना शेपटीने टांगून, मागचे पाय अधांतरी आणि डोकं खाली, असं ठेवलं होतं. म्हणजे रक्त डोक्याकडे सरकतं आणि पायांवर भार येत नाही, पण अवकाश मात्र नाही. प्रत्येक गट म्हणजे एकेक कारण वेगळं काढायची धडपड. आणि तुलना करायची तर या जमिनीवरच्या उंदरांचीही हृदयं काढून बघावी लागतात. आकाशाने त्यांना काहीही केलेलं नव्हतं. यांच्यासाठीही थोडा वेळ द्या. अवकाशात मेलेल्या प्राण्यांच्या याद्यांत यांची गणती नसते.

तरी एक कारण उरतंच होतं, परतीचा प्रवास. ते वेगळं काढायचं तर उतरण्याआधीच हृदय हाती यायला हवं. ऑक्टोबर 1993 मध्ये कोलंबिया यानाच्या स्पेसलॅब मोहिमेत ते झालं. 48 उंदीर बरोबर होते. री सेडन या डॉक्टर आणि मार्टिन फेटमन हे पशुवैद्य त्या चमूत होते. मोहीम संपत आलेली असताना त्यांतल्या काही उंदरांना कक्षेतच मारून त्यांचं विच्छेदन करण्यात आलं, अवकाशात पहिल्यांदाच. हे वाचताना अंगावर काटा येणं आणि या रचनेची शिस्त पटणं, दोन्ही एकदम होत असेल तर ते तसंच असू द्या. मला तरी अजून यांतलं एक दुसऱ्याला खोडता आलेलं नाही.

मग उत्तर काय मिळालं? आश्चर्य म्हणजे, उंदराचं हृदय हट्टी निघालं. 1985 च्या स्पेसलॅब-3 मोहिमेत सात दिवस राहून आलेल्या उंदरांच्या हृदयाचं वजन जमिनीवरच्यांपेक्षा वेगळं नव्हतं. जमिनीवर 28 दिवस शेपटीने टांगलेल्यांचंही नाही. त्यांच्या पायांचे स्नायू मात्र झिजलेले होते. हा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या हृदयाचा स्नायू अवकाशात बारीक होतो, मग उंदराचा का नाही?

याचं उत्तर अंगाने कळण्यासारखं आहे. घरात कोणी बघत नसेल तर हाता-गुडघ्यांवर या. रांगणाऱ्या बाळासारखी मान सरळ पुढे. आता तुमचं डोकं, हृदय आणि कंबर जवळपास एका पातळीत आहेत. रक्ताला वर चढवायचं नाही, खाली सांडायची भीती नाही. उंदीर आयुष्यभर असाच असतो. दोन पायांवर उभं राहण्याचं जे ओझं माणसाचं हृदय दिवसभर वाहतं, ते उंदराच्या हृदयावर कधी नव्हतंच. म्हणून ते काढून घेतल्याने त्याचं फारसं काही बिघडलं नसावं. हे माझं पूर्ण स्पष्टीकरण नव्हे, सात दिवस थोडे होते हेही खरं आहे. पण इतकी वर्षं ज्याच्या हृदयाकडून आपण आपल्याविषयी विचारून घेत होतो, त्याच्या हृदयावर आपलं ओझं मुळातच नव्हतं, हे हाता-गुडघ्यांवर असताना नीट पटतं.

उठा आता. गुडघे दुखायला लागले असतील.

भीतीचं काय? चढण्याचा दाब, हादरे, आवाज यांचा स्पर्श न झालेलं हृदय मिळवायचं तर ते वरच जन्माला यायला हवं. ते फळमाशीचं मिळालं. हो, माशीलाही हृदय असतं. पाठीच्या बाजूने जाणारी एक बारीक नळी, आपली आपण आकुंचन पावणारी. ती नळी घडवणारं एक जनुक रोल्फ बोडमर यांनी 1993 मध्ये ओळखलं आणि एका कथेतल्या हृदय नसलेल्या टिनमॅन या पात्राचं नाव त्याला मिळालं, कारण ते जनुक बिघडलं की माशीला हृदय तयारच होत नाही. त्याच घराण्यातलं जनुक माणसाचं हृदय घडवण्यातही भाग घेतं. बोडमर आणि कॅरेन ओकॉर यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने माशा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पाठवल्या. त्यांनी तिथे अंडी घातली, आणि कक्षेतच वाढलेल्या पुढच्या पिढीची हृदयं परतल्यावर तपासली गेली. 2020 मध्ये निष्कर्ष आले. हृदयं लहान होती, आकुंचनाची ताकद कमी होती, स्नायूतंतूंची मांडणी विस्कटलेली होती आणि पेशींतली टाकाऊ प्रथिनं मोडणारी यंत्रणा जादा कामाला लागलेली होती.

या माशांना वर चढतानाचं काही आठवण्यासारखं नव्हतं. वजन नसणं हे त्यांचं जन्मापासूनचं जग होतं. तरीही हृदय लहान. माशीला ना उभं राहायचं ना रक्त वर चढवायचं, त्यामुळे उंदराबद्दल आपण नुकतंच मानलेलं उत्तरही इथे थोडं डळमळतं. डळमळू द्या. किरणोत्सर्ग, परतीचा प्रवास, बंद डबीतली हवा ही कारणं तिथेही शिल्लक होतीच.

आत्तापर्यंत सांगितलेल्या प्रयोगांत एक गट गैरहजर होता. वर गेलेला, तेच हादरे सोसलेला, त्याच पिंजऱ्यात त्याच किरणोत्सर्गात राहिलेला, पण वजन असलेला. 2016 मध्ये जपानने तो उभा केला. बारा चिमुकले उंदीर स्थानकावर नेले. सहा तरंगत राहिले. उरलेल्या सहांचे पिंजरे सेंट्रिफ्यूजमध्ये सतत फिरत ठेवले, म्हणजे त्यांना पृथ्वीवर असतं तेवढं वजन मिळत राहिलं. 35 दिवसांनी बाराही जिवंत परत आले. तरंगणाऱ्यांची हाडं आणि स्नायू झिजले होते, फिरणाऱ्यांचे टिकले होते. लायकाच्या त्या रेघेपासून इथपर्यंत यायला जवळपास साठ वर्षं लागली. लवंग वेगळी काढण्याच्या हे फार जवळ जाणं होतं.

सगळेच परत येतात असं नाही. 2013 मध्ये बिऑन-एम1 यानातून 45 उंदीर गेले. काहींच्या धमनीत रक्तदाब मोजणारं यंत्र बसवलेलं होतं. महिनाभराने धडधाकट परतले ते 16. बाकीचे गेले ते बहुतांशी यंत्रं बिघडल्यामुळे. 1 फेब्रुवारी 2003 रोजी परतताना फुटलेल्या ज्या कोलंबियात कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी होते, त्यातही रक्तवाहिन्यांच्या अभ्यासासाठी नेलेले उंदीर होते.

आता एक माणूस घेऊ, म्हणजे तुलना पुरी होईल. अंतराळवीर स्कॉट केली 340 दिवस स्थानकावर राहिला. आठवड्यातले सहा दिवस तो घाम गाळून व्यायाम करत होता. तरी त्याच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचा स्नायू 190 ग्रॅमवरून सुमारे 139 ग्रॅमवर आला. हृदय काम नीट करत होतं, फक्त लहान झालं होतं. आणि तो रोज काय वाटतंय ते बोलू शकत होता, लिहू शकत होता, कारणं माहीत असताना स्वतःच्या इच्छेने गेला होता. त्याच्या ठोक्याला कारण विचारलं तर निदान तो माणूस मधे बोलतो.

जपानने पुढे त्याच फिरत्या पिंजऱ्यांचा वेग कमी करून उंदरांना चंद्रावर असतं तेवढं, म्हणजे सहाव्या हिश्शाचं वजन देऊन पाहिलं. पायाच्या स्नायूंचा आकार त्याने बऱ्यापैकी राखला, पण तंतूंचा प्रकार बदलण्यापासून थांबवला नाही. हृदयाला किती वजन पुरतं? चंद्रावर महिनोन्महिने माणसं ठेवायचे बेत चालू आहेत, त्यांच्यासाठी हा आता व्यवहाराचा प्रश्न झाला आहे. सहावा हिस्सा पुरेल की तिसरा लागेल, हे कुठल्याही गणितातून निघत नाही. त्यासाठी पुन्हा उंदीर वर जातील, पुन्हा जमिनीवर त्यांचे जोडगट ठेवले जातील, आणि प्रत्येक खेपेला बदलेल तो फक्त पिंजरा फिरवण्याचा वेग.